पावसाळ्याआधी अल्बम बाहेर काढा : एस्सेलवर्ल्डच्या आठवणी जपण्यासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

मागच्या महिन्यात गोराईतल्या आमच्या वाचनालयात एक वही आली. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. एस्सेलवर्ल्ड या मनोरंजन उद्यानात मेकॅनिक असलेल्या एका काकांची ही वही त्यांच्या मुलीने आणून दिली. उद्यान उघडण्याआधी रोलर कोस्टरची गाडी रिकामी फिरवून बघायची आणि मग वहीत लिहायचं : ‘रिकामी फेरी २, आवाज ठीक.’ पुढे कुठे ‘मागच्या चाकाला ग्रीस’, कुठे नुसतं ‘पाऊस’. अर्ध्या वहीची पानं ओल लागून एकमेकांना चिकटली आहेत. ओढली तर अक्षरंही निघतील, म्हणून हात लावलेला नाही. ही वही पाहिली आणि आता थांबून चालणार नाही, असं सगळ्यांनाच वाटलं.

एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं. आमच्यातले काही तेव्हा चौथी-पाचवीत होते, काहींचा जन्म व्हायचा होता. मनोरी, गोराई, उत्तन हे आमचं धारावी बेट, मुंबई शहरातली धारावी वेगळी. तोवर इथली माणसं मासळीच्या, भाजीच्या टोपल्या घेऊन खाडीपलीकडे जायची. आता मार्वे आणि बोरिवलीकडून फेरीबोटी भरभरून पोरंटोरं इकडे येऊ लागली. १९९८ मध्ये शेजारी वॉटर किंगडम हे पाण्यातल्या खेळांचं उद्यान झालं, तेव्हा गर्दी आणखी वाढली.

ज्यांचे आईवडील तिथे कामाला होते, ती मुलं शाळा सुटली की फाटकापाशी दप्तर टाकून आईची ड्युटी संपायची वाट बघत बसायची. आम्ही बर्फ पहिल्यांदा पाहिला तो तिथेच, स्केटिंगच्या हॉलमध्ये. मे महिन्यात बाहेर घामाच्या धारा आणि दार किलकिलं झालं की अंगावर गार झुळूक! सुट्टीत कितीदा तरी नुसत्या त्या दाराशी जाऊन उभे राहायचो. आणि घरी अभ्यासाला बसलं की वाऱ्यावरून किंचाळ्या यायच्या. एकदम सगळे ओरडले की समजायचं, गाडी उताराला लागली. संध्याकाळी ते थांबलं की आजी दिवा लावायला उठायची.

२०२० च्या टाळेबंदीत राइड थांबल्या आणि २०२२ मध्ये एस्सेलवर्ल्ड बंद झालं. दूरदर्शनवरची त्याची जाहिरात महाराष्ट्रभर लोकांना पाठ आहे. पण बोटीवरचे तांडेल, स्वयंपाकघरातल्या मावश्या, माळी, तिकीट खिडकीवरच्या ताई, गंज खरवडून दर वर्षी रंग देणारे हात यांची नोंद घराघरांतल्या कपाटांतच आहे. आणि आपल्या किनाऱ्यावरचा खारा वारा कपाटालाही सोडत नाही. बुरशी, कसर, वाळवी, सगळं आहेच.

म्हणून विनंती. फोटो, निगेटिव्ह, जुनी तिकिटं, ओळखपत्रं, युनिफॉर्म, व्हिडिओ कॅसेट, जे असेल ते आणा. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो सोडवू नका, अख्खा अल्बम आणा. फोटो काचेला चिकटला असेल तर फ्रेमसकट आणा. निगेटिव्हला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती खराब होऊ लागली आहे. बाकीच्यांपासून लगेच वेगळी ठेवा. मशीनमधून आलेल्या गुळगुळीत पावत्यांवरची अक्षरं उन्हाने, उष्णतेने पुसट होत जातात, त्यांचा आजच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सगळं स्कॅन करून मूळ वस्तू तुम्हाला परत मिळेल. वाचनालयाला कायमची द्यायची असेल तर तसं लिहून घेऊ.

वस्तू नसेल तर आठवण सांगा. ज्येष्ठांकडे आम्हीच घरी येऊ, बोलणं रेकॉर्ड करू. आमच्या बोलीतच सांगा, शुद्ध मराठीची काळजी नको.

पैशांचीही गरज आहे. निगेटिव्हही स्कॅन करता येतील असा स्कॅनर, दोन लोखंडी कपाटं, हवेतला दमटपणा शोषणारं यंत्र, हार्ड डिस्क आणि आम्लरहित कागदाची पाकिटं घ्यायची आहेत. त्या वहीची पानं सोडवायला जाणकार माणूस लागेल, त्याचा खर्च वेगळा. शंभर रुपयेही चालतील. प्रत्येक रुपयाची पावती मिळेल आणि हिशेब फलकावर लागेल. पैसे जमत नसतील तर रविवारी दोन तास स्कॅनिंगला बसा. कॉलेजची मुलं हवीच आहेत.

दर रविवारी सकाळी १० ते १ वाचनालय उघडं असतं. मृग लागायच्या आत या. अल्बम प्लास्टिकच्या पिशवीत नको, सुती कापडात गुंडाळून आणा.

आपले,
वाचनालयाचे कार्यकर्ते, गोराई