तक्रार: क्लोनचा डीबीआयडी बदलताना झालेले नुकसान आणि अमान्य अहवाल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: बंद पडलेला चाचणी डेटाबेस पूर्ववत करून मिळणे व घटनेचा अहवाल दुरुस्त होणे

महोदय,

आमच्या ओरॅकल डेटाबेसची देखभाल आपल्याकडे आहे. चाचणीसाठी वापरात असलेल्या क्लोनचा (मूळ डेटाबेसच्या प्रतीचा) डीबीआयडी (डेटाबेसचा अंतर्गत ओळख क्रमांक) बदलून द्या, एवढेच काम आम्ही सांगितले होते. तो क्लोन आता उघडतच नाही आणि आपल्या अहवालात कारण दिले आहे, 'नेटवर्कमधील बिघाड'. हे कारण आम्हाला मान्य नाही.

मुळात हे काम निघालेच का? क्लोन आपणच नुसत्या फाइल्स कॉपी करून उभा केला. आरमॅनच्या (ओरॅकलच्या बॅकअप साधनाच्या) डुप्लिकेट कमांडने केला असता तर त्याला वेगळा डीबीआयडी तेव्हाच मिळाला असता. तसे न झाल्याने मूळ डेटाबेस आणि क्लोन यांचा डीबीआयडी एकच राहिला आणि एका रिकव्हरी कॅटलॉगमध्ये (बॅकअपची माहिती ठेवणाऱ्या नोंदवहीत) दोघांची नोंद होईना. ते असो.

आपल्या इंजिनिअरने एनआयडी (डीबीआयडी बदलणारे ओरॅकलचे साधन) चालवले. डेटाफाइल्सच्या हेडरमध्ये नवा डीबीआयडी लिहिला जात असताना त्यांचे रिमोट सेशन तुटले. इथपर्यंत नेटवर्कला दोष देता येईल, जरी असले काम नोहपशिवाय (सेशन तुटले तरी काम चालू ठेवणाऱ्या कमांडशिवाय) थेट सेशनमधून का चालवले हे आम्हाला कळलेले नाही. पण बदल अर्धवट राहिला तर काय करायचे, हे ओरॅकलच्या मॅन्युअलमध्येच आहे: डेटाबेस माउंट करून (पूर्ण न उघडता) एनआयडी 'रिव्हर्ट=येस' देऊन चालवायचे, म्हणजे झालेले बदल मागे घेतले जातात. एका कमांडचे काम होते.

ती कमांड लॉगमध्ये सुरुवातीला कुठेच नाही. त्याऐवजी क्रिएट कंट्रोलफाइल (डेटाबेसच्या सर्व फाइल्सची नोंद ठेवणारी कंट्रोल फाइल नव्याने बनवणारी कमांड) दिसते, तेही 'रियूज' (जुन्या फाइलवरच लिहिण्याचा पर्याय) लावून आणि असलेल्या कंट्रोल फाइलची प्रत न काढता! काही फाइल्सवर जुना डीबीआयडी, काहींवर नवा, त्यामुळे ओआरए-०११५९ (फाइल्स एकाच डेटाबेसच्या नाहीत, ही त्रुटी) येणारच होती. कंट्रोल फाइल हातची गेल्यावर मग रिव्हर्ट करून पाहिले, ते चालले नाही. त्यानंतर बॅकअपमधून निवडक फाइल्स आणून बसवल्या. उरलेल्यांवर नवा डीबीआयडी तसाच असल्याने पुन्हा तोच एरर. म्हणजे सेशन तुटल्याने जे बिघडले ते सुधारता येण्याजोगे होते. नुकसान झाले ते त्यानंतर.

मूळ डेटाबेसवरून नवा क्लोन करून देण्याचा आपला प्रस्ताव आम्ही नाकारत आहोत. चाचणी विभागाने तयार केलेला डेटा फक्त याच क्लोनमध्ये आहे, मूळ डेटाबेसमध्ये तो नाही. एनआयडीच्या आधीच्या बॅकअपमधून सर्व डेटाफाइल्स आणि कंट्रोल फाइल एकत्र रिस्टोअर करा आणि रीडो लॉग (डेटाबेसमधील बदलांची नोंद) शेवटपर्यंत लावून डेटाबेस जुन्याच डीबीआयडीवर उघडून द्या. हे वेगळ्या डिस्कवर करा. सध्याच्या फाइल्सना आणि रीडो लॉगना आमच्या लेखी परवानगीशिवाय कोणी हात लावू नये.

डीबीआयडी त्यानंतर बदलायचा आहेच. मात्र त्याआधी पूर्ण बॅकअप घ्या आणि रीसेटलॉग्सने (रीडो लॉग नव्याने सुरू करून) डेटाबेस उघडताच दुसरा घ्या, कारण आधीचे बॅकअप आणि आर्काइव्ह लॉग (जपून ठेवलेले जुने रीडो लॉग) नव्या डीबीआयडीला चालत नाहीत. आपल्या कार्यपद्धतीच्या कागदावर हा दुसरा बॅकअप नाही.

सुधारित अहवालात कमांडचा संपूर्ण लॉग वेळेसह जोडावा. या कामाचे बिल रद्द केल्याचे पत्रही सोबत पाठवावे. तोपर्यंत आमच्या इतर डेटाबेसवरील आपली नियोजित कामे आम्ही थांबवत आहोत.

कळावे,
डेटाबेस विभाग प्रमुख