रविवारी मी ऑफिसात नसते

पुणे, १७ मार्च

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

एकाच शहरात, दहा किलोमीटरवर राहून पत्र कसलं लिहिते, असं आई म्हणणार. पण फोनवर बाबा ‘हं, आईला देतो’ एवढंच म्हणतात, आणि आई तू ‘जेवलीस का’वरून हलत नाहीस. समोर बसून बोलायला गेले तर मी रडेन, नाहीतर भांडेन. म्हणून लिहिते. बाबा, चष्मा लावा आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवा. मधल्या ओळी गाळायच्या नाहीत.

त्या रविवारी तुम्हाला चक्कर आली तेव्हा मी ऑडिटला नव्हते. खरं तर गेल्या दोन वर्षांत पावसाळा सोडला तर जवळजवळ एकाही रविवारी मी ऑफिसात नव्हते. मी पानशेतला असते. धरणाच्या पाण्यावर, शिडाच्या नावेत.

लिहिलं एकदाचं. आपल्या घरात ज्या गावाचं नाव कुणी घेत नाही, तिथे मी दर आठवड्याला जाते आणि घरी येऊन ‘क्वार्टर एंड आहे’ म्हणते. आई, तुला बहुतेक कळलंच होतं. त्या रात्री हॉस्पिटलच्या बाकावर तू माझा हात हातात घेतलास, तळव्यावरून अंगठा फिरवलास, दोरानं पडलेले घट्टे चाचपलेस आणि काही विचारलं नाहीस. पिशवीतून स्वतःचा पंचा काढून माझे केस पुसलेस. पंचेचाळीस वर्षांची बाई मी, आणि तू मला मान खाली घालायला लावून केस पुसत होतीस. त्या क्षणी सगळं सांगणार होते. तेवढ्यात सिस्टरनं आत बोलावलं.

अकरा मिस्ड कॉल होते. पहिला चार वाजून दहा मिनिटांचा. फोन शेडमध्ये बॅगेत होता, कारण पाण्यावर कुणीच फोन नेत नाही. आम्ही तिसऱ्या रेसमध्ये होतो. काठावर यायला पाच वीस झाले, आणि मग डोणजे फाट्याला सिंहगडावरून उतरलेली अख्खी गर्दी. एक तास गाडी मुंगीसारखी. त्या तासात मी काय काय कबूल केलं देवाजवळ, ते इथे लिहीत नाही. शिडं विकते, हेही कबूल केलं होतं.

तो शब्द मी मोडला आहे. मी नाव सोडत नाही, बाबा. आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना ‘शेवटी सोडेलच’ अशी आशा लावून बसू नका. नऊ दिवस विचार केला. तुमचे जावईसुद्धा म्हणाले, थोडे महिने थांब. पण मी थांबले तर तुमची चक्कर थांबणार आहे का? डॉक्टरांनी सांगितलं की बीपीची गोळी दोनदा घेतली गेली. ती गोळी दोनदा घेतली जाऊ नये याचा बंदोबस्त करायला हवा, आणि तो मी केला आहे. खाली लिहिलाय.

आता माझी बाजू. माझ्या वयाच्या बायका रविवारी मॉलमध्ये जातात, कुणी सिरियल बघतात, कुणी ट्रेक करतात आणि पाय मोडून घेतात. मी महिन्याला किती खर्च करते? हॉटेलिंगपेक्षा कमी. नाव अर्धीच माझी आहे, अर्धी एका कॉलेजातल्या बाईंची. जुनी आहे, दोघींनी मिळून घेतली, एफडी मोडलेली नाही. पाठ दुखायची थांबली. साखर काठावर होती, ती आत आली... बघा, मी वकिलासारखं बोलायला लागले. तुम्हाला पैशाचं काही वाटत नाही आणि पाठीचंही नाही, हे मला माहीत आहे.

तुम्हाला पाण्याचं वाटतं.

१२ जुलैला तुम्ही सकाळी चहा न घेता गच्चीवर जाऊन उभे राहता, हे आम्ही लहानपणापासून पाहतो. एकसष्ट साली पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला, तेव्हा चौथीतला मुलगा होतात तुम्ही. नारायण पेठेतली ती पुराच्या पाण्याची रेघ, काळी ट्रंक, आत्याची बाहुली, पूरग्रस्तांच्या निसेन हटमधला आजीचा स्टोव्ह, काही काही परत सांगायची गरज नाही. पावसाळ्यात पेपर उघडला की आधी खडकवासल्यातून किती क्युसेक सोडलं ते वाचायचं, मग बाकीचं जग. मला पाढे पाठ नव्हते तेव्हा खडकवासला १.९७ टीएमसी आणि पानशेत १०.६५ हे पाठ होतं. मला आणि दादाला तुम्ही टिळक तलावावर पोहायला कधी पाठवलं नाहीत, कारण विचारायची सोय नव्हती. ती भीती खोटी होती असं मी म्हणत नाही. तुम्ही जे पाहिलंत ते मी पाहिलेलं नाही.

म्हणून पहिल्यांदा मी गेले ते घाबरतच. मैत्रिणीनं नेलं होतं. पानशेतचा बांध दिसला तशी मला गाडीतच मळमळलं. त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत काठावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून राहिले, बोटसुद्धा ओलं केलं नाही. समोर पाणी, पलीकडे डोंगर, आणि दोन शिडं अशी वळत होती जशी आई निऱ्या घालताना पदर वळवते. दुसऱ्या रविवारी पोहण्याच्या क्लासचं नाव घातलं. हो, त्या वयात. तुम्हाला ‘योगा’ सांगितला होता तो हाच. आठ महिन्यांनी नावेत पाय ठेवला.

क्लब म्हणजे मोठं काही समजू नका. एक पत्र्याची शेड, दोन टेबलं, एक शिट्टी, एक भोंगा आणि वीसेक माणसं. एक दाताचे डॉक्टर आहेत, एकाचं रिक्षाच्या पार्टचं दुकान आहे, तीन-चार कॉलेजची पोरं, आणि निवृत्त कर्नलकाका, जे रेस लावतात. त्यांचं घड्याळ हे क्लबचं घड्याळ. पाच मिनिटं उरली की झेंडा वर आणि भोंगा. चार मिनिटांना दुसरा झेंडा. एक मिनिट उरलं की तो खाली. त्या पाच मिनिटांत सगळ्या नावा सुरुवातीच्या रेषेमागे कबुतरांसारख्या घिरट्या घालत असतात. रेष दिसत नाही, ती काठावरचा खांब आणि पाण्यातला नारिंगी बोया यांच्या मधे नुसती धरायची. आधी ओलांडलीत तर माघारी फिरायचं. उशीर केलात तर पुढच्यांनी उष्टवलेला वारा आपल्या वाट्याला.

आणि वारा तर त्या खोऱ्यात कसला लहरी! मार्च लागला की दुपारनंतर पश्चिमेचा सुटतो. पण मधे डोंगराची सोंड आली की वळतो, थांबतो, मग एकदम थप्पड मारल्यासारखा खाली येतो. पाण्यावर काळसर सुरकुती धावत येताना दिसते, ती दिसली की पायपट्ट्यात पाय अडकवून दोघींनी नावेबाहेर लटकायचं. पोटऱ्या ओरडतात. आमची नाव एन्टरप्राइझ जातीची आहे, निळ्या शिडांची, दोघांची. मी सुकाणू धरते, बाई पुढचं शीड सांभाळतात. समोरून कुणी आडवा आला आणि आपल्याला वारा उजव्या अंगानं लागत असला, तर ‘स्टारबोर्ड!’ म्हणून ओरडायचं, त्यानं वाट द्यायची. मी जन्मात कुणावर इतक्या मोठ्यानं ओरडले नव्हते. दाताच्या डॉक्टरांवर ओरडले आणि ते निमूटपणे बाजूला झाले. आई, ते सुख वेगळंच.

रेस संपली की खरा तमाशा जेवणाच्या टेबलावर. गावातल्या मावशी पिठलं-भाकरी आणि ठेचा आणून देतात. मग मीठदाणी म्हणजे मी, लोणच्याची बाटली म्हणजे तो, पाण्याचा तांब्या म्हणजे बोया, असं मांडून कोण कुणाच्या आडवं आलं यावर अर्धा तास भांडण. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, ज्याचे कमी तो जिंकला. बाबा, तुम्ही आमच्या प्रगतिपुस्तकाच्या बाबतीत हे चालू दिलं नसतंत. आणि जो शेवटी येईल त्यानं सगळ्यांचे डबे घासायचे. पहिलं वर्ष मी दुसरं काही केलं नाही. गेल्या मोसमात दोनदा तिसरी आले, तेव्हा मला कुणाला तरी सांगायचं होतं हो. गाडी थांबवून खानापूरच्या अलीकडे तुमचा नंबर लावला आणि ‘उद्या पोळ्यावाल्या बाई येणार आहेत ना’ एवढं विचारून ठेवून दिला. ते मला जास्त लागलंय, खोटं बोलण्यापेक्षाही.

आता तुमचा प्रश्न. बुडते का? उलटते. मी बारा-तेरा वेळा उलटलेय. पण नावेच्या अंगातच हवेच्या टाक्या असतात, त्यामुळे ती तळाशी जात नाही. अंगावर लाइफ जॅकेट असतं, आणि ते घातल्याशिवाय कर्नलकाका शेडबाहेर पाऊल टाकू देत नाहीत. उलटलं की पोहत मागे जायचं, खालून जी फळी पाण्यात असते ती आता बाहेर आलेली असते, तिच्यावर उभं राहायचं, कड धरून मागे रेलायचं. आधी काहीच होत नाही. मग डोलकाठी सावकाश पाण्यातून सुटते, शिडातून धो धो पाणी गळतं आणि नाव उभी राहते. दोन मिनिटांत पुन्हा आत. रेस्क्यूची मोटरबोट सगळा वेळ मागे फिरत असते.

आता जे लिहायचंय ते उगाच शेवटी ठेवलं नाही, धीर होत नव्हता. एप्रिलमध्ये परीक्षा संपली की तुमची नात, चिमीही शिकायला लागणार आहे. तिचं नाव घातलं. तिच्यासाठी असते ती नाव ऑप्टिमिस्ट, पावणेआठ फुटांची, तुमच्या पलंगापेक्षा जरा लांब. एकच शीड, एकच मूल, पंधरा वर्षांपर्यंतच. ती दोन वर्षं पोहतेय, माझ्यापेक्षा चांगली. मी तिला ढकललेलं नाही, तीच मागे लागली. नेहा ठाकूरचं तिनं कात्रण चिकटवलंय कपाटाला, २०२३ च्या आशियाई खेळांत शिडाच्या नावेत रौप्य मिळालं ती. देवासकडची शेतकऱ्याची मुलगी, भोपाळच्या तळ्यावर शिकली, समुद्रावर नाही. आणि बाबा, ८२ च्या एशियाडला तुम्ही चाळीतला पहिला रंगीत टीव्ही आणलात, तेव्हा मुंबईत तारापोर आणि करंजिया यांनी याच खेळात सुवर्ण मिळवलं होतं. तुम्ही सगळा वेळ हॉकीत होतात.

रागवा, पण तिच्यावर नको. आणि तिला १२ जुलैची गोष्ट तुम्हीच सांगा. मी सांगितली तर अर्धी चुकेल. ती ऐकून जर नको म्हणाली तर मी एका शब्दानं आग्रह करणार नाही.

आता सूचना. वाद नको.

गोळ्यांची सात खणांची डबी टेबलावर ठेवलीय. सकाळचा खण रिकामा दिसला की गोळी घेतलेली आहे, डबी हलवून पाहायची नाही. जुन्या पट्ट्या आई, तू कपाटात लपवून ठेव, बाबांना जागा सांगू नकोस. न्हाणीघरात शुक्रवारी माणूस येऊन कठडा लावणार आहे. ‘मी काही म्हातारा नाही’ हे त्याला ऐकवू नका, बिचारा टाइल फोडायला आलेला असतो. पायपुसणं काढून टाका, तेच घसरतं. पोळ्यावाल्या बाई आता रविवारीही येतील, मी बोलले. खालच्या मजल्यावरच्या मुलाकडे तुमची एक किल्ली दिलीय. आणि रविवारी तीन ते साडेपाच कर्नलकाकांचा फोन चालू असतो, तो नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरात लावलाय. त्यांना सांगून ठेवलंय, तुमचा फोन आला की रेस चालू असली तरी भोंगा वाजवून मला बोलवायचं. निघताना आणि काठावर आल्यावर मी फोन करीन. ‘पाण्यावर जाते’ असंच सांगेन, ऑडिट नाही.

शनिवार आता पूर्ण तुमचा. सकाळपासून. दवाखाना, बँक, भाजी, नुसतं बसणं, जे असेल ते.

पाडव्यानंतर एकदा गाडीनं नेऊ का? काठावर सावलीत खुर्ची टाकते, पाण्यापासून लांब. नाही वाटलं तर डोणज्यालाच भजी खाऊन परत फिरू, कुणाला कळणार नाही. आईला यायचंय, हे मी तिला न विचारता लिहितेय.

शनिवारी दहाला येते. आई, बाबांना पहाटे अंघोळीला जाऊ देऊ नकोस, उजाडू दे. आणि त्या रात्रीचा तुझा पंचा माझ्याकडेच राहिलाय, धुऊन आणते.

तुमची,
बेबी

ता. क. बाबा, गच्चीवरून येताना जिन्याचा दिवा लावत जा. बल्ब बदललाय.