सोन्याचा लाल रंग टिकवणाऱ्या ताईंना

पुणे

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

डीएनए ओरिगामीवर, म्हणजे डीएनएचा लांब धागा दुमडून केलेल्या सूक्ष्म आकारावर, सोन्याच्या नॅनोकणांची जोडी बसवायची तुम्ही लिहून दिलेली पद्धत पाषाणला आमच्या टेबलावर रोज वापरात आहे. त्याबद्दल जाहीर आभार. पुण्यात या कामाला नव्याने लागलेल्यांच्याही हाती काही पडावं, म्हणून हे तपशिलानं लिहितो आहोत.

२००६ साली पॉल रॉथमुंड यांनी एम१३ विषाणूचा सात हजारांहून जास्त बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) धागा दोनशेवर स्टेपलांनी (आखूड डीएनए धाग्यांनी) दुमडून हवा तो आकार घडवला, हे सगळे वाचतात. पण तो आकार टिकायला साधारण १२ मिलिमोलर मॅग्नेशियम लागतं आणि सिट्रेटच्या ऋणभारित थरामुळे पाण्यात सुटं, लाल तरंगणारं सोनं तेवढ्या मॅग्नेशियममध्ये बघता बघता एकमेकांना चिकटून जांभळं होतं आणि तळाशी बसतं. कणांना एकमेकांपासून लांब ठेवणारा ऋणभारच मॅग्नेशियम झाकून टाकतं. तुमचं पहिलं वाक्य याचसाठी होतं: आधी सोन्याला डीएनएचं दाट कवच चढवा, ओरिगामी नंतर.

कवचासाठी तुम्ही सुचवलेली गोठवण्याची रीत आम्हाला सगळ्यात भरवशाची वाटते. ४० नॅनोमीटरच्या एका कणामागे थायोल (सोन्याला चिकटणारा गंधकाचा गट) लावलेले डीएनएचे काही हजार धागे मिसळायचे, ट्यूब उणे २० अंशांवर दोनेक तास ठेवायची आणि खोलीच्या तापमानाला वितळू द्यायची. बर्फाचे स्फटिक वाढतात तसे धागे, क्षार आणि सोनं उरलेल्या चिंचोळ्या जागेत एकवटतात, आणि धागे दाटीवाटीनं चिकटतात. वितळल्यावर रंग लाल असेल तर पुढे जायचं. जांभळट छटा आली तर धागे कमी पडले. ती ट्यूब वाचवत बसू नये.

मग धुणं. इथे घाई केली की पुढचं सगळं वाया जातं. मोकळे राहिलेले थायोल धागे ओरिगामीवरच्या हँडलांना (कणावरचे धागे पकडायला बाहेर ठेवलेल्या टोकांना) आधीच जाऊन चिकटतात आणि सोन्याला जागा उरत नाही. उलट बाजूनं, ओरिगामीतले जादा स्टेपल काढले नाहीत तर त्यांतले हँडलवाले सोन्यावर जाऊन बसतात. म्हणून दोन्हीकडची सफाई हवी: सोनं चार-पाच वेळा सेंट्रिफ्यूज करायचं, ओरिगामी १०० किलोडाल्टनच्या फिल्टरमधून काढायची. बफरमध्ये ०.०२ टक्के ट्वीन (साबणासारखं सौम्य द्रव्य) घातलं की कण ट्यूबच्या भिंतीला चिकटत नाहीत.

विजेनं कण जेलमधून पळवून ओरिगामीवरच्या जोड्या सुट्या कणांपासून वेगळ्या करायच्या, त्या पायरीबद्दल तुमचे विशेष आभार. जेलमध्ये आणि बाहेरच्या बफरमध्येही सुमारे १० मिलिमोलर मॅग्नेशियम ठेवायचं. त्यानं करंट वाढून जेल तापतं, म्हणून अख्खा टँक बर्फात. सुटा कण सगळ्यात पुढे पळतो, जोडीचा लाल पट्टा त्याच्या मागे राहतो. तो कापून पॅराफिल्मवर ठेवायचा आणि काचेच्या स्लाइडनं दाबून थेंब काढायचा. बाजारातलं किट इथे नको, कारण त्यात जेल ५० अंशांच्या आसपास क्षारांच्या (मिठांच्या) तीव्र द्रावणात वितळवतात आणि जोडी सुटते.

एवढा खटाटोप कशासाठी, तर दोन कणांमधल्या काही नॅनोमीटरच्या फटीसाठी. रामन सिग्नल (फटीतल्या रेणूनं विखुरलेला, त्याची ओळख पटवणारा लेझरचा प्रकाश) तिथल्या वाढलेल्या विद्युतक्षेत्राच्या जवळजवळ चौथ्या घातानं वाढतो, म्हणून फट जराशी रुंदावली तरी सिग्नल कोसळतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली वाळलेल्या जोड्या चपट्या होतात, तेव्हा फट त्या चित्रावरून मोजू नका, हे तुम्ही लाल शाईनं लिहिलंत ते फार बरं झालं. लेझर मिलिवॅटच्या बराच खाली ठेवण्याचंही तसंच. सोनं तापलं की डीएनए ढिलं पडतं, आणि मग सिग्नल रेणूचा की सरकलेल्या कणांचा, हे सांगता येत नाही.

तुमच्या यादीत आम्ही एक ओळ वाढवली आहे: प्रत्येक वेळी एकच कण बसवलेली, म्हणजे फट नसलेली, ओरिगामी तुलनेसाठी सोबत मोजायची, तोच रेणू आणि तेवढाच लेझर ठेवून. पुढच्या वेळी आलात की पद्धतीवर नजर टाकून खाडाखोड करा, ही विनंती.

आपले,
पाषाणच्या प्रयोगशाळेतले आम्ही सगळे