फोनच्या तक्त्यात दुरुस्तीच्या खर्चाची ओळ हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीतलं नव्या फोनांचं पान मी दर आठवड्याला वाचतो आणि कापून ठेवतो. माझ्या दुकानात येणारी गिऱ्हाइकंही तेच पान पुढे करून विचारतात, "यातला कुठला घेऊ?" २०२५ पासून त्या पानावर जाडीचं फार कौतुक चालू आहे. आधी सॅमसंगचा एस२५ एज आला ५.८ मिलिमीटरचा, मग ॲपलचा आयफोन एअर ५.६ मिलिमीटरचा. तक्त्यात कॅमेरा असतो, प्रोसेसर असतो, रॅम असते, बॅटरी किती एमएएचची, म्हणजे किती चार्ज साठवणारी, तेही असतं. पण ती बॅटरी तीन वर्षांनी बदलायची झाली तर मिळेल का, आणि मिळाली तर केवढ्याला, हे कुठेच लिहिलेलं नसतं. त्या ओळीसाठी हे पत्र लिहितोय.

बार्शीत माझं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. एकोणीस वर्षं हेच काम करतो. परवा एक आशाताई आल्या. फोन साडेतीन वर्षांचा. मागचं पॅनल एका कडेने उचललेलं, फटीत नख जाईल इतकं. बॅटरी फुगली होती. गावातल्या गरोदर बायकांच्या नोंदी, बाळांची वजनं, ग्रुपवर येणारे आदेश, सगळं त्या एका फोनवर. "दादा, संध्याकाळपर्यंत द्या, उद्या लसीकरण आहे." त्याआधी त्या सोलापूरच्या सर्व्हिस सेंटरला जाऊन आल्या होत्या. सत्तर किलोमीटर जायचं, सत्तर यायचं, दिवसाची मजुरी बुडवायची. आणि तिथे उत्तर काय मिळालं, तर हे मॉडेल बंद झालंय, बॅटरी येत नाही, एक्स्चेंजमध्ये नवा घ्या.

फोन हीट मॅटवर ठेवला, पॅनल तापल्यावर पिक, म्हणजे फटीत घालायची पातळ पट्टी, घालून कडेकडेने डिंक सोडवला. पॅनल निघालं. खरी भीती पुढे असते. बॅटरी खाली चिकटवलेली, वरून फुगलेली, आणि पिकचं टोक तिच्यात घुसलं तर जागेवर पेट घेते. डिंक सैल करणाऱ्या सोल्यूशनचे थेंब सोडत, प्लास्टिकचं कार्ड तसूतसूने पुढे सरकवत ती काढायला मला पाऊण तास लागला. ताई समोरच्या स्टुलावर बसून बघत होत्या.

नवी बॅटरी पुण्याच्या बुधवार पेठेतून मागवलेली. तिच्यावर छापलंय ५००० एमएएच. माझ्याकडे सोनाराकडे असतो तसा लहान वजनकाटा आहे. ताईंच्या फोनमधून निघालेली कंपनीची बॅटरी भरली ६८ ग्रॅम, नवी भरली ५२. दोन्हींवर आकडा तोच, पण वजन कमी म्हणजे आतला माल कमी. मी दोन्ही वजनं त्यांना काट्यावर दाखवली, सहा-आठ महिन्यांच्या वर भरवसा धरू नका म्हणून सांगितलं आणि तीच बसवून दिली. दुसरी मिळतच नाही. चांगला माल कंपनी आम्हाला विकत नाही आणि हलका माल गिऱ्हाइकाच्या हातात द्यायला मन घेत नाही, तरी द्यावा लागतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बॅटरी हाताने निघत असली की काय होतं, ते मी शिकाऊ असताना पाहिलंय. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने बीएल-५सी बॅटऱ्यांबद्दल इशारा दिला. मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांपैकी काही चार्जिंगला लावल्यावर तापत होत्या. आमच्या दुकानाच्या पायरीवर लोकांची रांग लागली. जो तो अंगठ्याने झाकण सरकवायचा, बॅटरी काढून उलटी करायचा आणि तिच्यावरचा २६ अक्षरांचा नंबर आम्ही वहीच्या कागदावर उतरवून द्यायचो. नंबर यादीतला निघाला तर तेवढी बॅटरी बदलायची. फोन ज्याचा त्याच्याकडे राहिला. २०१६ मध्ये सॅमसंगच्या नोट ७ च्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या. त्या आत बंद होत्या, त्यामुळे अख्खे फोन परत मागवावे लागले. पहिल्याच फेरीत २५ लाख. आपल्याकडे विमानात तो चालू करायला बंदी आली आणि ऑक्टोबरमध्ये ते मॉडेलच कंपनीने बंद केलं.

फोन पातळ हवा, आत पाणी जायला नको, मग चिकटवण्यावाचून इलाज नाही, असं मला अनेकजण ऐकवतात. मला ते पटत नाही. आयफोन १६ मध्ये ॲपलने असा डिंक वापरलाय की त्याला ९ व्होल्टचा साधा सेल जोडला तरी बॅटरी मोकळी होते. आमच्या आशाताईंच्या फोनला तसा डिंक असता तर पाऊण तासाचं काम पाच मिनिटांत झालं असतं.

युरोपात २० जून २०२५ पासून नियमच आहे. मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग द्यायचे, आणि बाहेरच्या दुरुस्तीवाल्यांनाही द्यायचे. बॅटरी ८०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. त्याच कंपन्या आपल्याकडे फोन विकतात. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. मे २०२५ मध्ये त्याच विभागाच्या समितीचा अहवालही आला: फोनला दुरुस्तीसुलभतेचे गुण द्यावेत, ते दुकानात आणि ऑनलाइन दिसावेत, खोक्यावर क्यूआर कोड असावा. चांगलं आहे, मी त्याचं स्वागत करतो. पण गुण कंपनीने स्वतःच जाहीर करायचे आहेत. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून असे दहापैकी गुण सक्तीचे केले तेव्हा सुट्या भागांची किंमतही त्यात धरली होती. आपल्याकडेही ती धरलीच पाहिजे. गेल्या महिन्यात एका कॉलेजच्या मुलाच्या तेरा हजारांच्या फोनला सेंटरने डिस्प्लेचे साडेसहा हजार सांगितले. पार्ट 'उपलब्ध' होता. मुलाने फोन तसाच ठेवलाय, तडा गेलेल्या काचेवर सेलोटेप लावून.

आणि तो पार्ट पैसे मोजून मलाही विकत मिळाला पाहिजे. तालुक्याच्या गावात सर्व्हिस सेंटर म्हणजे आम्हीच.

कायदा व्हायचा तेव्हा होईल. तुमच्या हातात आहे ते आजच करता येईल. प्रत्येक नव्या फोनच्या तक्त्यात तीन ओळी वाढवा: अधिकृत केंद्रात बॅटरीचा दर, डिस्प्लेचा दर, आणि सुटे भाग किती वर्षं देणार याचं कंपनीचं उत्तर. कंपनीने उत्तर दिलं नाही तर 'उत्तर दिले नाही' असंच छापा. बाजारातले दर लागले तर दर महिन्याला कळवायची माझी तयारी आहे. दुकानाचा पत्ता आणि नंबर वेगळ्या कागदावर दिला आहे, तो छापू नये ही विनंती.

आपला,
एक मोबाइल दुरुस्तीवाला,
बार्शी, जि. सोलापूर