बँकॉक-सिंगापूर अंतर: विमानाचे की रस्त्याचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीतील थायलंड-सिंगापूर सहलीच्या लेखात बँकॉक व सिंगापूर या दोन शहरांमधील ‘विमानाचे अंतर’ साडेअठराशे किलोमीटर आणि प्रवासाचा वेळ सव्वातीन तास छापला आहे. दिवाळीच्या सुटीत जळगाव-भुसावळकडची अनेक मंडळी मुंबईमार्गे तिकडे जाण्याचा बेत आखतात, म्हणून हा खुलासा.

साडेअठराशे हा आकडा रस्त्याच्या अंतराशी जुळतो. बँकॉकहून निघालेला रस्ता थायलंडच्या आखाताला वळसा घालतो, चिंचोळ्या भूपट्टीवरून हाट याईकडे उतरतो आणि मलेशियात पश्चिम बाजूने क्वालालंपूर करीत जोहोर बारूच्या पुलावरून सिंगापुरात शिरतो. विमानाला या वळशाचे कारण नाही. दोन्ही शहरांच्या अक्षांशांत सव्वाबारा अंशांचा आणि रेखांशांत सव्वातीन अंशांचा फरक असून विषुववृत्ताजवळ एक अंश म्हणजे अंदाजे १११ किलोमीटर. नववीतल्या मुलालाही पायथागोरसच्या प्रमेयाने सुमारे १,४०० किलोमीटर हे उत्तर काढता येईल. हे अंतर अर्थात विमानतळ ते विमानतळ सरळ रेषेतले आहे. उड्डाण-अवतरणाचे ठरलेले मार्ग आणि वाटेतले पावसाळी ढग यांमुळे प्रत्यक्ष उड्डाण थोडे लांबते, पण साडेचारशे किलोमीटरनी नव्हे. आपल्याकडेही जळगाव ते मुंबई रेल्वेने ४२० किलोमीटर असले तरी सरळ रेषेत ते ३६० च्या आसपासच भरते.

वेळेची चूक अधिक गमतीची आहे. वेळापत्रकात सुटण्याची वेळ बँकॉकच्या घड्याळाची आणि पोहोचण्याची वेळ सिंगापूरच्या घड्याळाची असते, आणि सिंगापूरचे घड्याळ एक तास पुढे आहे. बँकॉकहून सकाळी दहाला निघालेले विमान सिंगापुरात स्थानिक वेळेनुसार दुपारी सव्वा ते दीडच्या सुमारास उतरते. या दोन वेळांची नुसती वजाबाकी केली की लेखातले सव्वातीन तास निघतात, पण हवेत आणि धावपट्टीवर मिळून त्याने घेतलेले असतात सव्वादोन ते अडीच तास. हीच नुसती वजाबाकी परतीच्या विमानाला लावली, तर ते दीड तासाच्या आत पोहोचते असे निघेल आणि येताना विमान दुप्पट वेगाने उडते असे मानावे लागेल.

हा तास हिशेबात न धरणाऱ्यांचे खरे नुकसान पुढचे विमान पकडताना होते. त्यातच बँकॉकला दोन विमानतळ आहेत. सुवर्णभूमी २००६ मध्ये सुरू झाला. स्वस्त तिकिटांच्या अनेक कंपन्या मात्र जुन्या डॉन म्युआंगहून उडतात. मुंबईहून एका विमानतळावर उतरून सिंगापूरचे विमान दुसऱ्यावरून धरायचे असल्यास बँकॉकच्या वाहतुकीतून शहर पार करावे लागते. गटातील ज्येष्ठ नागरिकांच्या दृष्टीने हा तपशील अंतराच्या आकड्याहून महत्त्वाचा असूनही लेखात त्याचा उल्लेख नाही.

पुढील पुरवणीत दुरुस्ती छापावी आणि यापुढे अशा लेखांत अंतर कोणत्या मार्गाचे व वेळ कोणत्या शहराच्या घड्याळाची, हे कंसात द्यावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, भुसावळ