जुन्या लक्झरी गाडीचं मीटर नको, फाईल दाखवा

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही जुन्या लक्झरी सेडानवर पानभर लेख छापला, छोट्या नव्या गाडीच्या पैशात पन्नास लाखाची गाडी असा त्याचा सूर होता, तो आमच्या घरात तिघांनी वाचला. वाचून माझा पुतण्या गप्प बसला आणि मला राहवलं नाही म्हणून हे पत्र लिहितोय. लेख चांगला होता, फोटो तर फारच छान, पण अर्धाच होता हो. घ्यायची कुठून आणि भाव कसा करायचा ते सगळं आलं, पण ती गाडी पुढची पाच-सात वर्षं साथ देईल का हे कशावरून ओळखायचं त्याबद्दल एक ओळ नाही, आणि माणूस बुडतो तो तिथेच.

आमचं ग्वाल्हेर दिल्लीपासून सव्वातीनशे किलोमीटर. २०१५ मधे एनजीटीने, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाने, दिल्ली-एनसीआर मधे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या चालवायला बंदी घातली, २०१८ मधे सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली, त्यानंतर कोर्टात पुन्हा बरंच काही झालं, पण तिकडच्या गाड्या इकडे यायला जी सुरुवात झाली ती काही थांबली नाही. नऊ-साडेनऊ वर्षांची काळी चकचकीत डिझेल सेडान, दुसऱ्या राज्यात न्यायची एनओसी तयार, आत लेदर, वर सनरूफ, आणि मीटरवर पन्नास-साठ हजार. त्यात अलीकडे इथल्या व्यापार मेळ्यात रोड टॅक्सची निम्मी सूट मिळते म्हणून नव्या लक्झरी गाड्या पण इथे भरपूर उचलल्या जातात, त्याही आठ-दहा वर्षांनी याच बाजारात उभ्या राहणार. म्हणजे हा विषय आमच्याकडे हौसेचा राहिलेला नाही, गल्लीत दर पाचव्या घराचा झालाय.

पुतण्याने २०२१ मधे अशीच एक घेतली. २०१२ चं मॉडेल, जर्मन, डिझेल, सव्वाआठ लाख, मीटर ५८ हजार. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, विकणाऱ्याचं पण नाही, कारण मला कोणाची बदनामी करायची नाहीये, मला वेगळंच सांगायचंय. पहिल्याच मे महिन्यात शिवपुरीला लग्नाला निघाले, दादा आणि वहिनी मागे बसलेले, मोहना गावाच्या पुढे टेम्परेचरचा लाल दिवा लागला. बॉनेट उघडलं तर इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटची प्लास्टिकची टाकी शिवणीवर उकललेली. दुपारी एक वाजता, बाहेर सेहेचाळीस डिग्री, वहिनींना बीपीचा त्रास, दोन तास ढाब्यावर लिंबाखाली बसून काढले त्यांनी. त्याच पावसाळ्यात मागची एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर गाडी तोलणारी यंत्रणा, गेली, रोज सकाळी गाडी एका अंगावर बसलेली दिसायची, हवेच्या फुग्याला भेगा पडल्या होत्या आणि तो भरता भरता कॉम्प्रेसर पण जळाला. आणि दिवाळीनंतर गिअरबॉक्स. आधी सिग्नलला थांबताना बारीक झटका, मग घाटात इंजिन ओरडतं पण गाडी पुढे सरकत नाही. दिल्लीत नेऊन काम करून आणलं, एक लाख नव्वद हजार.

खरी गोष्ट कळली ती ट्रान्सपोर्ट नगरच्या एका मिस्त्रीकडे. त्याच्याकडे गाडीतल्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारा, त्या कंपनीचा योग्य स्कॅनर होता, स्वस्तातला कोणत्याही गाडीला चालणारा तो नाही. त्याने मीटर सोडून दुसऱ्या मॉड्यूलमधला, म्हणजे गाडीतल्या दुसऱ्या छोट्या कॉम्प्युटरमधला, आकडा काढून दाखवला, १ लाख ७१ हजार. या गाड्यांमधे किलोमीटर एकाच जागी साठवलेले नसतात, काही मॉडेलमधे लाईटच्या मॉड्यूलमधे असतात, काहींत चावीत पण असतात, मीटर बॅक करणारा घाईत एक जागा बदलतो आणि बाकीच्या विसरतो.

आता माझा मुद्दा नीट ऐका. १ लाख ७१ हजार हा काही वाईट आकडा नाहीये! नीट सांभाळलेली अशी डिझेल गाडी त्याच्या दुप्पट आरामात जाते. नुकसान झालं ते खोट्या आकड्यामुळे, कारण पुतण्याने मीटरवरचे ५८ हजार बघूनच सगळं ठरवलं, गिअरबॉक्सचं तेल अजून लांब आहे, होज पाईप आत्ताच कशाला, सस्पेन्शनचे रबरी बुश कशाला बघायचे. खरा आकडा माहीत असता तर पहिल्याच महिन्यात त्याने पन्नास-साठ हजार घालून हे सगळं करून घेतलं असतं आणि गिअरबॉक्स वाचला असता असं मला वाटतं, निदान वाचायची संधी तरी मिळाली असती. मीटर मागे फिरवणारा नुसते दोन-तीन लाख जास्त घेत नाही, तो गाडीचं औषधपाणी पण बंद करून जातो.

गिअरबॉक्सच्या तेलाबद्दल थोडं जास्त लिहितो कारण इथे शिकलेली माणसं पण फसतात. बऱ्याच कार कंपन्या सांगत आल्या की ऑटोमॅटिकचं तेल लाईफटाईम आहे, बदलायचं नाही. पण झेडएफ ही जर्मन कंपनी, जी यातले बरेच गिअरबॉक्स बनवते, ते स्वतः सांगतात की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी बदला, यातलं जे आधी येईल ते. बनवणाराच म्हणतो बदला, मग बाकीच्यांचं कशाला ऐकायचं. आणि आठ वर्षं हा शब्द बघा, गाडी नुसती उभी असली तरी.

वय हे किलोमीटरवर मोजायचंच नसतं. लोखंड टिकतं, इंजिनाचा ब्लॉक तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त जगेल, जातं ते रबर आणि प्लास्टिक. लोअर आर्मचे बुश, इंजिनाचे माउंट, कूलंटचे जॉइंट, वायरवरचं आवरण, एअर सस्पेन्शनचे फुगे, दरवाज्याची बीडिंग. हे वर्षांनी मरतात आणि उन्हाने लवकर मरतात, आमच्या लष्कर भागातल्या गल्ल्यांमधे गॅरेज कुणाकडे आहे, गाड्या बारा महिने रस्त्यावर तापतात. विम्याचा कागद काढून वाचा, क्लेम करताना रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांना सरसकट ५० टक्के घसारा लावतात, गाडी नवी असली तरी. त्यांना हिशोब बरोबर कळलाय. एअरबॅगचं पण तसंच, टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगमधलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा खाऊन खराब होत गेलं, फुगताना आतला धातूचा डबा फुटून त्याचे तुकडे उडाले, माणसं गेली, आणि जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. जुनी गाडी घेताना चासी नंबर कंपनीच्या साईटवर टाकून रिकॉल बाकी आहे का ते बघा, फुकट असतं, पाच मिनिटं लागतात, आणि आमच्या ओळखीत एकानेही ते केलेलं नाही.

सगळा दोष मालकाचा किंवा दलालाचा असतो असं पण मी म्हणणार नाही, काही मॉडेलमधे मुळातच दुखणं होतं. नव्वदच्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांतल्या मर्सिडीजमधे इंजिनाच्या वायरिंगचं आवरण असं वापरलं गेलं की काही वर्षांत ते भुगा होऊन गळायचं. २००२ मधे आलेल्या मर्सिडीजच्या ई-क्लासमधे ब्रेकला एसबीसी नावाची इलेक्ट्रॉनिक सिस्टीम होती, २००४ मधे त्यासाठी गाड्या परत बोलावल्या आणि २००६ मधे त्याच मॉडेलची सुधारित आवृत्ती काढताना कंपनीने ती काढूनच टाकली, तिच्या पंपात ब्रेक किती वेळा दाबला त्याची मोजणी असते आणि आकडा भरला की गाडी पंप बदला म्हणते. बीएमडब्ल्यूच्या एन ४७ डिझेल इंजिनात टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारी साखळी, मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, ती वाजायला लागली तर नुसतं तिथपर्यंत पोचायलाच मोठं काम निघतं. म्हणून ब्रँड बघून नाही तर मॉडेल, साल आणि इंजिन बघून चौकशी करायची, एकाच नावाच्या दोन गाड्यांमधे जमीन-अस्मानाचा फरक असतो.

आणि खर्च. गाडी आठ लाखाला मिळाली म्हणून तिचा हेडलाईट आठ लाखाच्या गाडीचा मिळत नाही. ती जन्माला आली पन्नास लाखाची, पार्ट आयुष्यभर त्याच घराण्याचे लागणार. आमच्याकडचे लोक मग पहाटेच्या गाडीने दिल्लीला जातात, काश्मिरी गेटला नवे पार्ट बघतात, नाही परवडले तर मायापुरीला कबाडातले उचलतात. कबाडातला आरसा घ्या, दरवाजा घ्या, सीट घ्या, त्यात काही चूक नाही. पण रबराची कुठलीही वस्तू, ब्रेकची कुठलीही वस्तू, एअरबॅग, एवढं कबाडातून आणू नका, कोणी फुकट दिलं तरी.

माझी स्वतःची गाडी २००७ ची आहे, जपानी पेट्रोल सेडान, तिच्या काळी तीही लक्झरीतच मोडायची. २०११ मधे ओळखीच्या एका डॉक्टरांकडून घेतली, आज २ लाख ८४ हजार झालेत. २०२२ मधे पंधरा वर्षं भरली आणि नेमकी त्याच एप्रिलपासून रजिस्ट्रेशन रिन्यू करायची फी ६०० ची ५,००० झाली होती, ती भरली. ही गाडी नशिबाने चालली नाही हो. डॉक्टरांनी चावीबरोबर एक राखाडी फाईल हातात दिली होती, पहिल्या दिवसापासूनचं प्रत्येक बिल त्यात पंच करून लावलेलं, ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, कूलंट, गिअर ऑइल, टायर कधी बदलले. मी तीच फाईल पुढे चालवली, आता दुसरी सुरू आहे. मला कधी अंदाज करावा लागला नाही, पान उलटलं की काय बाकी आहे ते कळतं. सौ. म्हणते घरातल्या माणसांच्या रिपोर्टची अशी फाईल नाहीये, आणि ते खरं आहे.

ग्रीसमधल्या थेसालोनिकीच्या ग्रेगोरिओस साखिनिदिस या टॅक्सीवाल्याची मर्सिडीज २४० डी तुमच्या काही वाचकांना माहीत असेल. १९७६ ची गाडी, त्याने १९८१ मधे सेकंडहँड घेतली तेव्हाच २ लाख २० हजार किलोमीटर चाललेली होती, आणि २००४ मधे कंपनीने ती म्युझियमसाठी घेतली तेव्हा ४६ लाख झाले होते. लोक ही गोष्ट गाडीच्या कौतुकासाठी सांगतात. मला त्यातला माणूस जास्त आवडतो, एक इंजिन गाडीत तर दुसरं दुरुस्तीला काढलेलं असं करत त्याने तेवीस वर्षं ती ओढली, आणि घेताना त्याला माहीत होतं की आपण किती चाललेली वस्तू घेतोय.

तेच आम्हाला माहीत करून घ्यायचा हक्क पाहिजे, पत्र लिहायचं कारण हेच. आज ॲपवर गाडीचा नंबर टाकला की रजिस्ट्रेशनची तारीख, कितवा मालक, विमा, पीयूसी सगळं दिसतं, किलोमीटर दिसत नाहीत. ब्रिटनमधे तीन वर्षांपुढच्या गाडीची दरवर्षी एमओटी नावाची फिटनेस टेस्ट होते, तेव्हा मीटरचा आकडा टिपतात आणि नुसत्या नंबरवरून कोणीही तो वर्षावार बघू शकतो. बेल्जियममधे २००६ पासून कार-पास नावाचा कागद आहे, किलोमीटरच्या नोंदी असलेला, जुनी गाडी विकताना तो द्यावाच लागतो. आपल्याकडे पीयूसीवाला गाडीजवळ येतोच ना, फोटो काढतोच ना, मग मीटरचा पण एक काढा, विमा रिन्यू करताना आकडा लिहून घ्या, आणि ते ॲपवर टाका. यंत्रणा उभीच आहे, एक रकाना वाढवायचाय.

दुसरी मागणी कंपन्यांकडे. त्यांच्या सर्व्हिस सेंटरच्या कॉम्प्युटरमधे प्रत्येक गाडीचा इतिहास पडलेला असतो. पुतण्या आरसी घेऊन गेला होता, त्याला सांगितलं आधीच्या मालकाची माहिती देता येत नाही. अहो, त्याला मालकाचं नाव-पत्ता नको होता, गाडीला कधी काय केलं एवढंच पाहिजे होतं. आज आरसीवर ज्याचं नाव आहे त्याला चासी नंबरवर हा रेकॉर्ड मिळालाच पाहिजे, पहिला मालक असो की चौथा.

तोवर जे कोणी दिल्लीची गाडी बघायला निघालेत त्यांनी पैसे द्यायच्या आधी योग्य स्कॅनर असलेला मिस्त्री बरोबर न्या, त्याचे दोन-तीन हजार वाचवू नका. इंजिन थंड असताना चालू करून बघा, विकणारा आधीच गरम करून ठेवत असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जा. रात्रभर उभी राहिल्यावर चारही चाकांवर सारखी उभी आहे का बघा. टायरवरचे चार आकडे वाचा, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, साठ हजार चाललेल्या गाडीचे टायर तिसऱ्यांदा बदललेले दिसले तर विचारा कसे काय. डिकीत स्टेपनी आहे का तेही बघा, रनफ्लॅट, म्हणजे पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणाऱ्या, टायरवाल्या बऱ्याच गाड्यांना ती नसते आणि झाशी रोडवर रात्री ते टायर कोणाकडे मिळणार.

पुतण्याने गाडी विकलेली नाही. गिऱ्हाईक आलं होतं, त्याला याने खरा आकडा सांगितला, ते परत गेलं. आता त्याने पण फाईल केलीये, पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने १,७१,००० लिहून खाली तारीख टाकलीये.

सोबत माझ्या फाईलमधल्या तीन पानांच्या झेरॉक्स पाठवतोय, २०११, २०१७ आणि या वर्षीचं पान. पुढच्या रविवारी जागा असेल तर छापा, फक्त गाडीचा नंबर तेवढा झाकून टाका.

आपला एक जुना वाचक,
लष्कर, ग्वाल्हेर