एसएनसीयूतल्या रेटिना कॅमेऱ्याबद्दल

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. तुमच्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षात, रेटिनाचा (डोळ्याच्या आतल्या पडद्याचा) मोठा भाग टिपणारा वाइड-फील्ड कॅमेरा येतोय हे वाचून फार आनंद झाला. ना सुई, ना डाय. कमी दिवसांच्या बाळांसाठी ही केवढी सोय! आरओपीच्या, म्हणजे वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या रेटिनातल्या रक्तवाहिन्या नीट न वाढण्याच्या आजाराच्या, तपासणीबद्दल विचारलंस, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी यादी करा. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं प्रत्येक बाळ त्यात हवं. ३४ ते ३६ आठवड्यांचं बाळ ऑक्सिजनवर राहिलं असेल किंवा त्याला सेप्सिस (रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग) झाला असेल, तर तेही. पहिली तपासणी ३० दिवसांच्या आत. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमखालचं बाळ असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. डिस्चार्ज होऊन बाळ गावी गेलं की तारीख हुकते, म्हणून ती कार्डावर लिहाच, शिवाय आईला आणि आजीलाही समोर बसवून सांगा.

तपासणीआधी तासभर दूध नको. ट्रॉपिकामाइड ०.८ आणि फिनाइलेफ्रिन ५ टक्क्यांचे तयार थेंब निम्मे पातळ करून, १०-१५ मिनिटांच्या अंतराने दोन-तीनदा घाला. गालावर ओघळलेलं लगेच पुसा; ते त्वचेतून शोषलं जाऊन रक्तदाब वाढतो. बाहुली मोठी होत नसेल तर थेंब घालत बसू नका. तेच गंभीर आरओपीचं लक्षण असू शकतं.

मग बाळाला गुंडाळून भुलीचा थेंब, स्पेक्युलम (पापण्या उघड्या ठेवणारी चिमटी) आणि जेल. जेलमध्ये हवेचा बुडबुडा राहिला की फोटोत डाग दिसतो. सगळ्यात जपायचं ते लेन्सच्या दाबाला. लेन्स बुबुळावर टेकते. हात थोडा जड झाला की डिस्कजवळच्या (डोळ्याची नस पडद्याला मिळते तिथल्या) रक्तवाहिन्या फिक्या पडतात आणि असलेला ‘प्लस’ आजार, म्हणजे या रक्तवाहिन्यांचं फुगणं आणि वेडंवाकडं होणं, फोटोत दिसतच नाही. रक्तवाहिनी फिकी पडली किंवा धडधडताना दिसली, की हात सैल करून पुन्हा फोटो घ्या. मधला, कानाकडचा, नाकाकडचा, वरचा, खालचा असे प्रत्येक डोळ्याचे पाच फोटो हवेत. सिस्टरची नजर पूर्ण वेळ पल्स ऑक्सिमीटरवर हवी. नाडी मंदावली की स्पेक्युलम लगेच काढायचा. प्रत्येक बाळानंतर लेन्स निर्जंतुक करायचीच.

कर्नाटकात ‘किड्रॉप’ या आरओपी तपासणीच्या कार्यक्रमाने २००८ पासून प्रशिक्षित तंत्रज्ञांकडून गावोगावी असे फोटो काढून घेतले, तज्ज्ञ ते दूर बसून वाचतात. तुमच्याकडेही हे जमेल. मात्र फोटो धूसर किंवा शंकास्पद असेल तर इनडायरेक्ट ऑप्थॅल्मोस्कोपीला (डोक्यावरच्या दिव्याने आणि भिंगातून तज्ज्ञाने स्वतः रेटिना पाहण्याला) पर्याय नाही.

आणि उपचाराची गरज ठरली की लेसर ४८ ते ७२ तासांत व्हायला हवा, आक्रमक प्रकारात त्याहून लवकर. तो कुठे होणार, गाडी कोण देणार, बाळासोबत कोण जाणार, हे कॅमेऱ्याची पेटी उघडण्याआधीच ठरवून ठेव. जेल कोणतं आणि स्पेक्युलम कोणत्या मापाचा आहे ते कळव, म्हणजे पुढच्या पत्रात नेमकं सांगता येईल.

तुझा,
अविनाश